मध्यस्थाच्या हातात काठी नसते

१९ जानेवारी १९९३ रोजी इस्रायलच्या संसदेने पीएलओच्या, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या, माणसांशी भेटण्या-बोलण्यावरची कायदेशीर बंदी उठवली. दुसऱ्याच दिवशी, ऑस्लोच्या दक्षिणेला असलेल्या सार्प्सबोर्ग या लाकडी लगद्याच्या आणि कागदाच्या कारखान्यांच्या गावी, बोरेगोर नावाच्या जुन्या हवेलीत यायिर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक हे दोन इस्रायली अभ्यासक पीएलओच्या अहमद कुरेई यांच्यासमोर बसले. त्याआधीच्या डिसेंबरात हिर्शफेल्ड आणि कुरेई यांची लंडनला झालेली पहिली भेट बेकायदाच होती. आता निदान खटल्याची भीती नव्हती. बाकी सगळा मामला चोरीछुप्याचाच.

यजमान होते तेर्ये रोड-लार्सेन. हे गृहस्थ मुत्सद्दी नव्हते. कामगार चळवळीतून उभ्या राहिलेल्या फाफो या संशोधन संस्थेचे ते प्रमुख होते. ही संस्था गाझा आणि वेस्ट बँकमधल्या लोकांच्या राहणीमानाची पाहणी करत होती, त्यामुळे पॅलेस्टिनी माणसं नॉर्वेत येत-जात राहिली तर कुणी भुवया उंचावण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या पत्नी मोना यूल परराष्ट्र खात्यात अधिकारी. खात्यातले उपमंत्री यान एगेलान या उद्योगात पहिल्यापासून सामील. एप्रिलमध्ये योहान योर्गेन होल्स्ट परराष्ट्रमंत्री झाले. त्यांच्या पत्नी मारियाने हाइबर्ग फाफोमध्येच संशोधक. पश्चिम आशियाच्या इतिहासाला वळण देऊ पाहणारं हे गुपित नॉर्वेच्या बाजूने जवळपास दोन कुटुंबांत मावत होतं. वॉशिंग्टनला त्याच वेळी मोठा गाजावाजा करून अधिकृत वाटाघाटी चालू होत्या आणि त्या जागच्या हलत नव्हत्या.

नॉर्वेने या लोकांना दिलं काय? राहायला घर, एकाच टेबलावर जेवण, विमानाची तिकिटं आणि वर्तमानपत्रांपासून आडोसा. सुरुवातीला यजमान चर्चेच्या खोलीत बसतही नसत. शेवटच्या टप्प्यात मात्र चित्र पालटलं. ऑगस्टमधल्या एका रात्री इस्रायलचे परराष्ट्रमंत्री शिमोन पेरेस स्टॉकहोममध्ये असताना होल्स्ट त्यांच्याजवळ बसून ट्युनिसला पीएलओच्या मुख्यालयात फोन लावत होते आणि एकेक शब्द इकडून तिकडे पोहोचवत होते. काही तास हा फोन चालला. २० ऑगस्टला ऑस्लोत करारावर गुपचूप सह्या झाल्या, १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पीएलओचे अराफत आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनी हस्तांदोलन केलं. होल्स्ट पुढच्या जानेवारीत वारले.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यावर ब्रॉडवेवर नाटकही झालं आणि त्याला टोनी पुरस्कार मिळाला. त्यापुढची गोष्ट नॉर्वेतल्याच एका इतिहासकार बाईंनी लिहिली, तिच्यावर नाटक झालेलं नाही. हिल्डे हेन्रिक्सेन वोगे यांनी परराष्ट्र खात्याच्या दप्तरखान्यात १९९३ च्या जानेवारी ते सप्टेंबरमधली या वाटाघाटींची कागदपत्रं शोधली आणि ती तिथे नव्हतीच. उरलेल्या पुराव्यांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष कडवट आहे. दोन बाजूंच्या ताकदीत जमीन-अस्मानाचं अंतर असताना ज्याच्या हातात काहीच नाही असा मध्यस्थ बलवान बाजूच्या अटींवर चालूनच टिकू शकतो, आणि नॉर्वे तसाच चालला. वसाहतींचा प्रश्न, जेरुसलेम, निर्वासितांचं परतणं हे सगळं ‘नंतर पाहू’ या खात्यात गेलं. तेव्हा वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम सोडून, एक लाखाच्या थोडे वर इस्रायली वसाहतकार होते. आज ते सुमारे पाच लाख आहेत.

वोगे यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. बलवान बाजू मुळात टेबलाशी आलीच नसती तर दुसऱ्या बाजूच्या हाती काय पडलं असतं, याचं उत्तर दप्तरखान्यात मिळत नाही.

* * *

आपल्याकडे नॉर्वे म्हटलं की टूर कंपन्यांच्या माहितीपत्रकातले फ्योर्ड आणि हिरवे-जांभळे उत्तर प्रकाश डोळ्यांसमोर येतात. आकड्यांत बोलायचं तर लोकसंख्या साधारण ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक जिल्ह्याची ६१ लाख होती. स्वतंत्र देश म्हणून वय फारसं नाही. १९०५ मध्ये स्वीडनशी असलेलं संयुक्त राज्य मोडायचं की नाही यावर सार्वमत झालं. बाजूने ३,६८,२०८ मतं पडली आणि विरोधात १८४. स्वीडनने सैन्य हलवलं, पण गोळी झाडली गेली नाही. ध्रुवप्रदेशाचे संशोधक फ्रिट्योफ नान्सेन पुढे राष्ट्रसंघाचे निर्वासित-आयुक्त झाले, आणि देश गमावलेल्या माणसांसाठी त्यांनी काढलेला ‘नान्सेन पासपोर्ट’ १९२२ पासून चालू झाला. संयुक्त राष्ट्रांचे पहिले महासचिव त्रिग्वे ली हेही नॉर्वेचेच.

ही सगळी पुण्याई शाळेच्या पुस्तकांत असते. तिच्या शेजारी दुसरी पानंही ठेवावी लागतात. ९ एप्रिल १९४० ला हिटलरचं सैन्य उतरलं आणि तटस्थता जागच्या जागी संपली. म्हणून १९४९ मध्ये नॉर्वे नाटोच्या संस्थापक देशांत गेला. रशियाची सीमा त्याला थेट लागून आहे. युरोपीय संघात जायला मात्र जनतेने १९७२ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये नकार दिला. अमेरिकेच्या छत्राखाली, पण ब्रसेल्सच्या शिस्तीबाहेर अशी ही जागा आहे, आणि शांततेच्या कामात ती फार उपयोगी पडते. २००६ मध्ये नॉर्वेने युरोपीय संघाच्या दहशतवादी संघटनांच्या यादीला आपोआप मान डोलावणं बंद केलं आणि फक्त संयुक्त राष्ट्रांची यादी मानायचं ठरवलं. कारण उघड होतं. ज्यांच्याशी कुणी बोलत नाही त्यांच्याशी बोलणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याला दारावर इतकी कुलपं परवडत नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये तालिबानचं शिष्टमंडळ खास विमानाने ऑस्लोला उतरलं ते याच धोरणातून. अफगाण स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या काहीजणींना चर्चेला बोलावलं होतं, तर बाहेर अफगाण निर्वासित निदर्शनं करत होते.

एगेलान यांनी १९८८ मध्ये, म्हणजे मंत्रालयात जाण्याआधी, एक पुस्तक लिहिलं होतं. मानवी हक्कांच्या बाबतीत अमेरिकेसारखी महासत्ता हतबल ठरते आणि लहान देश मात्र पुष्कळ काही करू शकतो, असा त्याचा गाभा. महासत्तेचे हितसंबंध जगभर अडकलेले, तिचा प्रत्येक शब्द संशयाने ऐकला जातो. लहान देशाकडे गमावण्यासारखं कमी. तरुण संशोधकाचा हा सिद्धान्त पुढे देशाचं धोरण झाला. सरकार, चर्चशी जोडलेल्या मदतसंस्था, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संघटना आणि संशोधन संस्था यांची माणसं एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जात-येत राहतात. एगेलान स्वतः त्यातलं ठळक उदाहरण. आज ते नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलचे प्रमुख आहेत.

या संशोधन संस्थांपैकी ऑस्लोची शांतता संशोधन संस्था १९५९ मध्ये योहान गाल्टुंग यांनी उभी केली. सक्तीच्या लष्करी सेवेला नकार दिल्याबद्दल तरुणपणी ते तुरुंगात गेले होते, आणि तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्याबरोबर त्यांनी गांधींच्या राजकीय नीतीवर नॉर्वेजियन भाषेत पुस्तक लिहिलं, ते १९५५ मध्ये निघालं. ज्या गांधींना ऑस्लोच्या नोबेल समितीने पाचदा नाव येऊनही पारितोषिक दिलं नाही, त्यांच्यावर.

* * *

नॉर्वेच्या परदेशी मदतीचा पहिला मोठा प्रयोग आफ्रिकेत झाला नाही, तो केरळात झाला. कोल्लमजवळच्या नीण्डकरा आणि शक्तिकुळंगरा या मच्छीमार गावांत १९५३ पासून इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प चालला. यांत्रिक होड्या, बर्फाचा कारखाना, दवाखाना, नळाचं पाणी. त्या काळी सत्तेवर असलेल्या मजूर पक्षातला डावा गट नाटोत गेल्यामुळे नाराज होता, आणि त्याला उभारीचं एक काम हवं होतं, हेही या मदतीमागचं एक कारण होतं असं नॉर्वेचे इतिहासकार मांडतात.

कोळी समाजाची मिळकत वाढवायची हा हेतू. प्रत्यक्षात ट्रॉलर आले, कोळंबी निर्यात होऊ लागली, पैसा आला, आणि त्या पैशामागून मासेमारीशी पिढीजात संबंध नसलेले भांडवलवालेही आले. पुढे केरळच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलर यांच्यात जी वर्षानुवर्षं झुंज झाली, तिची मुळं या बंदरांपर्यंत जातात. आपल्या रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पर्ससीनवाले आणि छोटे मच्छीमार यांचं भांडण ज्यांनी पाहिलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही. प्रकल्प फसला असं मी म्हणणार नाही; नीण्डकरा आज मोठं बंदर आहे. परंतु चांगल्या हेतूने परक्या किनाऱ्यावर उतरलेला लहान देशही तिथल्या सत्तेचा तोल हलवतो, आणि निघून गेल्यावर तो तोल स्थानिकांनाच सांभाळावा लागतो, हे नॉर्वेला इथेच पहिल्यांदा दिसायला हवं होतं.

मासळीचाच एक धागा पुढे श्रीलंकेपर्यंत जातो. नॉर्वेच्या अति उत्तरेकडच्या मासळी कारखान्यांत जाफन्याकडचे तमिळ तरुण कामाला गेले, यादवी पेटल्यावर आणखी गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एरिक सोल्हाइम हे डाव्या समाजवादी पक्षाचे खासदार कोलंबो आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्या मधले निरोप्ये झाले, तेव्हा नॉर्वेत चांगला संघटित तमिळ समाज होता. वाघांचे मुख्य वाटाघाटीकार अँटन बालसिंगम यांचं मूत्रपिंड निकामी होत होतं. त्यांना उपचारांसाठी बाहेर काढण्याच्या खटपटीतून विश्वासाची पहिली वीण पडली. समुद्रमार्गे ते निसटले, आणि प्रत्यारोपण शेवटी नॉर्वेतच झालं.

नॉर्वेच का? वसाहतींचा इतिहास नाही, हिंदी महासागरात तळ नको, आणि दिल्लीला त्याची भीती नाही. सोल्हाइम वरचेवर दिल्लीला येऊन काय चाललंय ते सांगून जात. श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेचे (आयपीकेएफ) बाराशेच्या आसपास जवान आणि राजीव गांधी गमावलेला भारत स्वतः पुन्हा त्यात हात घालणार नव्हता. पण दुसऱ्या कुणी मोठ्याने घातलेलाही त्याला चालणार नव्हता. नॉर्वे या फटीत नेमका बसला.

२२ फेब्रुवारी २००२ ला पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे आणि वाघांचे प्रमुख प्रभाकरन यांच्या सह्यांनी युद्धबंदी झाली. दोघे एका खोलीत आलेच नाहीत, कागद आला-गेला. जाफन्याकडे जाणारा ए-९ रस्ता उघडला, कोलंबोतले नाके सैल झाले. सप्टेंबरात थायलंडमधल्या सत्ताहिपला पहिली फेरी झाली. डिसेंबरमध्ये ऑस्लोत दोन्ही बाजूंनी एकसंध श्रीलंकेत संघराज्याचा मार्ग तपासून पाहायचं मान्य केलं. वीस वर्षांत इतकं कुणी पुढे गेलं नव्हतं. चार-पाच महिन्यांत ते सगळं उसवू लागलं.

युद्धबंदीवर देखरेख ठेवायला पाच नॉर्डिक देशांची नि:शस्त्र मोहीम होती आणि तिचं नेतृत्वही नॉर्वेकडेच. बोलणी घडवणारा तोच आणि उल्लंघनं मोजणाराही तोच, ही गफलत पहिल्या दिवसापासून होती. उल्लंघनांच्या यादीत वाघांचा आकडा सरकारच्या कितीतरी पट होता, आणि त्यात लहान मुलांची भरती मोठी. मुलं उचलली जात होती, विरोधी तमिळ गटांची माणसं मारली जात होती, आणि मोहिमेचे लोक ते नोंदवत होते. नोंदवण्यापलीकडे त्यांच्याजवळ अधिकार नव्हता.

मानवी हक्क आणि शांतता हे दोन शब्द आपण जोडीने उच्चारतो. श्रीलंकेत ते एकमेकांच्या आड आले. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचे माजी महासचिव इयन मार्टिन यांना सल्लागार म्हणून आणलं गेलं, मार्च २००३ मध्ये जपानमधल्या हाकोने इथल्या फेरीत त्यांनी मानवी हक्कांसाठीच्या टप्प्याटप्प्याच्या आराखड्यावर मांडणी केली. एप्रिलमध्ये वाघ टेबलावरून उठले आणि तो आराखडा टेबलावरच राहिला. मुलांच्या भरतीवर नॉर्वेने मोठ्याने बोलावं, तर वाघ दार लावून घेणार. गप्प बसावं, तर दक्षिणेतला सिंहली माणूस म्हणणार की हे वाघांचे दलाल. नॉर्वेने बहुतेक वेळा हळू आवाज निवडला. त्याचं फळ म्हणून कोलंबोत सोल्हाइम यांचे पुतळे जळाले, आणि वाघांनीही काही सवलत दिली नाही.

मग एकेक तट ढासळत गेला. २००४ मध्ये वाघांचा पूर्वेकडचा सेनापती करुणा फुटला. त्सुनामीनंतर मदतवाटपासाठी केलेला संयुक्त करार न्यायालयात अडकला. ऑगस्ट २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कादिरगामर यांचा खून झाला. नोव्हेंबरात वाघांनी तमिळ मतदारांना मतदानापासून रोखलं आणि महिंद राजपक्षे थोड्या फरकाने अध्यक्षपदी निवडून आले. मे २००६ मध्ये युरोपीय संघाने वाघांना दहशतवादी यादीत टाकलं. लगेच वाघांनी सांगितलं की संघाच्या सदस्य देशांचे निरीक्षक नकोत. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क गेले. नॉर्वे आणि आइसलंड उरले, एका पूर्ण यादवीवर देखरेख करायला.

जानेवारी २००८ मध्ये सरकारने युद्धबंदी अधिकृतपणे मोडली. मे २००९ मध्ये मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर सगळं संपलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने नंतर म्हटलं की अखेरच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता आहे. शेवटच्या घटकेला वाघांच्या राजकीय शाखेचे नडेसन आणि पुलिदेवन यांनी शरण जाण्यासाठी जिथे जिथे फोन करता येईल तिथे केले. त्यातला एक सोल्हाइम यांच्यापर्यंत पोहोचला होता, हे त्यांनी स्वतःच पुढे जाहीर सांगितलं. दोघेही दुसऱ्या दिवशी मेलेले सापडले. शरण येताना त्यांना गोळ्या घातल्या असा आरोप आहे. सरकार तो नाकारतं.

नॉर्वेबद्दल आदर वाटावा अशी एक गोष्ट मला यानंतरच्या काळात दिसते. २०११ मध्ये नॉर्वेच्या मदतखात्याने आपल्याच प्रयत्नांचं परीक्षण बाहेरच्या अभ्यासकांकडून करवून घेतलं आणि छापलं. बर्गेनची एक संस्था आणि लंडनचं प्राच्यविद्या विद्यापीठ यांनी ते केलं. शीर्षकच असं की नॉर्वेने स्वतःला बुद्धिबळाच्या पटावरचं प्यादं म्हणवून घेतलं. दोन्ही बाजूंनी आपापल्या तयारीसाठी या शांतताकाळाचा वापर केला, आणि यजमानाकडे त्यांना थांबवायला काही नव्हतं, असा त्याचा सूर. आपल्या आयपीकेएफबद्दल, १९८७ ते १९९० या काळाबद्दल, असा एखादा सरकारी खर्चाने छापलेला परखड अहवाल आपल्या हाती कधी पडलेला नाही.

कोलंबियात मात्र तेच तंत्र चाललं. २०१२ च्या ऑक्टोबरात ऑस्लोजवळच्या हुर्डाल गावी सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यातल्या बोलण्यांची घोषणा झाली, पुढची चार वर्षं हवानात गेली, नॉर्वे आणि क्युबा हमीदार. फरक टेबलाच्या आधीच पडला होता. फार्क लष्करीदृष्ट्या दमलेली होती, सरकार वरचढ होतं आणि तरी जंगलातलं युद्ध संपत नव्हतं. सरकारी शिष्टमंडळात निवृत्त सेनापती बसले होते, त्यामुळे बराकींतून खोडा पडला नाही. पीडितांचे साठ प्रतिनिधी पाच गटांनी हवानात आले आणि दोन्ही बाजूंच्या तोंडावर बोलले. ऑक्टोबर २०१६ च्या सार्वमतात करार अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने पडला, तेव्हा तो दुरुस्त करून दोन महिन्यांच्या आत पुन्हा सह्या केल्या गेल्या. म्हणजे ज्यांना खरोखर मिटवायचं असतं त्यांना नॉर्वेचा उपयोग होतो. ज्यांना नसतं, तेही नॉर्वेचा उपयोग करून घेतात.

* * *

नोबेल शांतता पारितोषिक आणि नॉर्वेचं सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं ऑस्लोतला प्रत्येक अधिकारी सांगतो. कायद्याने ते खरं आहे. नोबेलच्या मृत्युपत्राप्रमाणे पाच जणांची समिती नॉर्वेची संसद निवडते, आणि तिच्या निर्णयात सरकार हात घालत नाही. हा आडपडदाही एका प्रसंगातून आला. नाझींच्या छळछावणीत असलेले पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांना १९३५ चं पारितोषिक द्यायचं ठरू लागलं, तेव्हा समितीवर असलेले परराष्ट्रमंत्री हाल्व्दान कूट आणि माजी पंतप्रधान मोविंकेल बाजूला झाले. बर्लिनचा राग देशावर येऊ नये म्हणून. १९३७ पासून मंत्र्यांना समितीत मनाई झाली.

बीजिंगला ही बारीक रेघ मान्य नव्हती. २०१० मध्ये तुरुंगातल्या लिऊ शियाओबो यांना पारितोषिक मिळालं, ऑस्लोच्या नगरभवनात त्यांची खुर्ची रिकामी राहिली, आणि चीनने नॉर्वेशी राजकीय बोलणं तोडलं. सहा वर्षं. चीनच्या बाजारात सॅल्मन माशाच्या विक्रीत नॉर्वेचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास होता, तो तीन वर्षांत एक-तृतीयांशाखाली आला. २०१४ मध्ये दलाई लामा ऑस्लोला आले, त्यांच्या पारितोषिकाला पंचवीस वर्षं झाली होती. एकही मंत्री त्यांना भेटला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही देशांचं संयुक्त निवेदन निघालं. त्यात नॉर्वेने चीनच्या गाभ्याच्या हितसंबंधांना फार महत्त्व देत असल्याचं आणि त्यांना धक्का देणाऱ्या कृतींना पाठिंबा देणार नसल्याचं लिहून दिलं. लिऊ पुढच्या जुलैत कोठडीतच कर्करोगाने गेले. एगेलान यांच्या सिद्धान्तात लहान देशाकडे गमावण्यासारखं कमी असतं. १९८८ साली ते खरं असेलही.

अण्वस्त्रांचा प्रसंग तर याहून बोलका. अण्वस्त्रांमुळे माणसांवर काय ओढवेल यावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मार्च २०१३ मध्ये ऑस्लोनेच बोलावली होती. त्याच प्रवाहातून २०१७ चा बंदी करार निघाला, १२२ देशांनी त्याच्या बाजूने मत दिलं. नॉर्वे वाटाघाटींनाच गेला नाही, कारण नाटो. त्याच वर्षी डिसेंबरात त्या करारासाठी झटणाऱ्या आयकॅन या मोहिमेला शांतता पारितोषिक मिळालं, ऑस्लोच्याच नगरभवनात. भूसुरुंग आणि क्लस्टर बॉम्ब यांच्या बाबतीत हाच देश आघाडीवर होता; क्लस्टर बॉम्बवरच्या बंदीची मोहीम त्यानेच २००७ मध्ये सुरू केली आणि पुढच्या वर्षी ऑस्लोत सह्या घेतल्या. अमेरिका नाराज झाली, पण ती नाराजी सोसण्याजोगी होती.

घरातही सगळं लख्ख नाही. फोसेन इथे रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या चराऊ जमिनीवर उभारलेल्या पवनचक्क्यांनी त्यांच्या हक्कांचा भंग झाला, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. पवनचक्क्या फिरत राहिल्या. दीड वर्षाने सामी तरुणांनी मंत्रालयांची दारं अडवली तेव्हा सरकारने माफी मागितली. ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा सिनेमा आपल्याकडे अनेकांनी पाहिला असेल. सिनेमाचं सिनेमापाशी ठेवू, पण मुलांना आईबापांपासून तोडण्याच्या प्रकरणांत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने नॉर्वेला एकदा नव्हे, अनेकदा दोषी धरलं आहे.

* * *

या सगळ्याखाली तेल आहे. १९६९ च्या डिसेंबरात उत्तर समुद्रात एकोफिस्कचा साठा सापडला, आणि मच्छीमार-खलाशांचा देश श्रीमंत झाला. तेलाचा पैसा देशात न उधळता बाहेर गुंतवायचा, म्हणून १९९० मध्ये निधीचा कायदा झाला. आज त्या निधीत सुमारे २० लाख कोटी क्रोनर आहेत, म्हणजे भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या तिपटीहून जास्त, आणि जगातल्या सगळ्या नोंदणीकृत शेअर्सपैकी दीड टक्का त्याच्या मालकीचे. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि वायूचे भाव भडकले, तेव्हा सर्वांत जास्त कमाई झालेल्या देशांत नॉर्वे होता. पोलंडच्या पंतप्रधानांनी त्यावर जाहीर बोल लावले. नॉर्वेने २०२३ मध्ये युक्रेनसाठी ७५ अब्ज क्रोनरचा पाच वर्षांचा कार्यक्रम काढला, पुढे तो बराच वाढवला, आणि त्याला नाव दिलं नान्सेनचं.

या निधीला २००४ पासून नैतिक नियम आहेत. एक स्वतंत्र मंडळ कंपन्या तपासतं आणि गंभीर मानवी हक्कभंग, युद्धगुन्हे, पर्यावरणाचा नाश अशा कारणांवरून वगळण्याची शिफारस करत आलं. माझ्या मते नॉर्वेच्या परराष्ट्र धोरणाचं हे सर्वांत धारदार हत्यार आहे, आणि ते परराष्ट्र खात्याकडे नाही. इथे गोड बोलून टेबलाशी बसवायचं नसतं. कारणं लिहून प्रसिद्ध करायची आणि पैसा काढून घ्यायचा. २००७ मध्ये वेदान्त वगळली गेली. २०१३ मध्ये गोव्यातली झुआरी अ‍ॅग्रो केमिकल्स, बियाण्यांच्या शेतीतल्या बालमजुरीच्या कारणावरून. मे २०२४ मध्ये अदानी पोर्ट्स. म्यानमारच्या लष्कराशी जोडलेलं बंदर कंपनीने विकलं होतं, पण कुणाला विकलं याची माहिती मिळत नाही, असं कारण दिलं गेलं. शेअर तर निधीने आधीच विकून टाकले होते. दोनच महिन्यांपूर्वी नॉर्वे धरून चार देशांनी भारताशी व्यापार करारावर सह्या केल्या होत्या. त्यात काही बिघडलं नाही. करार १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंडळाच्या शिफारशीवरून निधीने कॅटरपिलर ही अमेरिकी कंपनी वगळली, गाझा आणि वेस्ट बँकमध्ये घरं पाडायला तिचे बुलडोझर वापरले जातात म्हणून. सोबत पाच इस्रायली बँका. वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याने जाहीर नाराजी व्यक्त केली, एका सिनेटरने नॉर्वेजियन मालावर कर आणि व्हिसाबंदीच्या गोष्टी केल्या. नोव्हेंबरमध्ये नॉर्वेच्या संसदेने नैतिक कारणांवरून नव्या कंपन्या वगळणं थांबवायचा आणि नियम नव्याने लिहायला घ्यायचा निर्णय केला. अर्थमंत्री येन्स स्टोल्टेनबर्ग, जे दहा वर्षं नाटोचे महासचिव होते, त्यांची बाजू अशी की हेच नियम असेच ताणत नेले तर उद्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या तंत्रज्ञान कंपन्याही विकाव्या लागतील, आणि मग हा जगभर पसरलेला निधी उरणारच नाही. हिशेब म्हणून त्यात चूक काढता येत नाही. झुआरी अ‍ॅग्रोच्या वेळी असला हिशेब कुणाला मांडावा लागला नव्हता.